रेजमालाचा पट्टा

बालाघाट
१२ डिसेंबर १९७७

भोजराज,

तीन कार्डं टाकली, हे चौथं. एकाचंही उत्तर नाही. चैतराममामाले विचारलं तर तो म्हणते, पोचली, भाच्यानं वाचली अन् उशाखाली ठेवली. उशाखाली ठेवाले मी ताईत पाठवून राह्यली का? तुले मॅट्रिकपर्यंत शिकवलं. मी तिसरीतून उठलेली बाई, एक कार्ड लिहाले मले अर्धी दुपार लागते, तरी लिहिते. अन् तुले दोन ओळी लिहवत नाही.

घरातून जायाची ही रीत नसते. बाप दवाखान्यात पडला होता अन् तू बैहरच्या बसमध्ये बसून मलाजखंडले निघून गेला. जाताना मले सांगतलं नाही. भट्टीत कोळसे अर्धे जळके तसेच होते. ते मी पाणी टाकून विझवले.

तर ऐक. बाबाले घरी आणलं. डावा डोळा गेला. डॉक्टरनं साफ सांगतलं, त्यात आता काही होत नाही. उजव्यानं चांगलं दिसते. पण एका डोळ्यानं लोखंड किती दूर आहे ते समजत नाही म्हणतात. मी घण मारते, ते हातोडीनं जागा दाखवतात, तर हातोडी इळ्यावर पडाची ती ऐरणीवर पडते. मंग ते हातोडी खाली ठेवून बसून राहतात. मीही बसते. दोघं बसलो तर भट्टी काय आपल्या मनानं इळे काढल?

धान कापणीचा सीझन गेला. वारासिवनीकडचे शेतकरी दरसाल आपल्या दुकानी येत, ते दाराशी येऊन भट्टी थंडी पाहून दुसरीकडं गेले. बाजारात एक जण तर म्हणाला, जातीचे लोहार नाहीत, भट्टी लावली तोवर ठीक होतं, मशीन कशाले लावाचं. बाबा नागपूरच्या कारखान्यात घाम गाळून हे काम शिकले, वीस वर्षं झाली इथं दुकान टाकून, तरी लोकांले ते खुपतेच. मी त्याले म्हणाली, तुझ्या घरचा इळा आण, आपल्या इळ्यासंग बांधावरचं गवत कापून पाहू. तो गेला.

मशीनचा पट्टा उडून डोळ्याले लागला, त्याचा जोड कच्चा होता असं सारे म्हणतात. मी त्यात पडत नाही. कोणाचा हात का असेना, झालं ते झालं. तू घरी ये. नवीन साल लागाच्या आधी ये.

आई

बालाघाट
३ जानेवारी १९७८

भोजराज,

तुझं कार्ड पोचलं. मी पाठीमागंही पाहिलं, काही लिहिलं आहे का म्हणून. "बाबाचा डोळा कसा आहे. मी बरा आहे." एवढ्याले कार्ड काहून वाया घालवाचं. बाबानं दोनदा वाचाले लावलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा म्हणाले, अक्षर बिघडलं पोराचं. मंग उठून बाहेर गेले. मी समजली काय ते.

काय काम करून राह्यला ते लिहिलं नाही. चैतराममामा तिथल्या तांब्याच्या कंपनीचाच ट्रक चालवते, पण त्याले विचारलं तर तो दुसरंच काही सांगत बसते. म्हणून मले वाटते, सांगण्यासारखं काम नसल.

तुझ्या इळे घासाच्या मशीनवरचं पोतं मी काढलं. काढावंच लागलं. कानशीनं इळे घासून खांदा पुन्हा तसाच झाला, वेणी घालाले हात वर जात नाही. तू ते मशीन माझ्या खांद्यासाठी केलं हे मी विसरली नाही. पिठाच्या चक्कीची जळकी मोटर तू नवी तार भरून आणली. बीजा झाडाच्या टणक लाकडाचे दोन रूळ सुताराकडून काढले, ते गोल नाहीत म्हणून त्याच्याशी भांडला, तिसऱ्या खेपेले गोल झाले. खरखरीत रेजमाल कापडाचा पट्टा त्यावर ताणलेला राहावा म्हणून जीपच्या फाटक्या सीटमधली स्प्रिंग लावली. बाबा म्हणत होते, हे काय बैलगाडीचं पोर जन्माले घातलं. अन् चालू केलं तेव्हा तेच सगळ्यात आधी इळा घेऊन पुढं आले. साऱ्या मोहल्ल्यातले लोक ठिणग्या पाहाले जमले होते.

तुम्हा दोघांपेक्षा माझा हात त्यावर लवकर बसला. एका दुपारी चाळीस इळे घासले होते मी. फक्त एक गोष्ट मले पाहवत नसे. इळ्याचा वाक उजव्या काठानंच घासला जाते, तर रेजमाल उजव्या काठानं झिजून तेलकट कापडासारखा होते अन् डावा काठ कोराच राहते. एवढा महाग कपडा अन् अर्धा फुकट. हे तुले मी तेव्हाही सांगतलं होतं. तू म्हणाला, आई, त्याची तजवीज मंग करू.

तुटका पट्टा मी चुलीत टाकाले चालली होती. बाबानं पाहिलं, म्हणाले राहू दे. मी तो तांदळाच्या कोठीमागं टाकून दिला.

वारासिवनीच्या राईस मिलमधल्या दुलीचंद मिस्त्रीले निरोप धाडला आहे. मिलचे मोठे पट्टे तोच जोडते. त्याले नवीन पट्टा करून मागते. तू नाही तर दुसरा कोणी करल. मशीन काही तुझ्या नावानं रडत बसणार नाही.

तरी तू ये. नवीन साल लागून गेलं.

आई

बालाघाट
२२ जानेवारी १९७८

भोजराज,

दुलीचंद मिस्त्री आला होता. त्याचं काय झालं ते लिहिते.

त्यानं आधी मशीन पाहिलं. रूळ हातानं फिरवले, स्प्रिंग दाबली, खाली बसून मोटरकडं पाहिलं. मंग विचारलं, हे कोणाचं काम. मी म्हणाली माझ्या पोराचं. तो म्हणाला, पोराले मिलमध्ये पाठवा. मी म्हणाली, तो कंपनीत गेला. हे सांगताना मले बरं वाटलं अन् लगेच वाईट वाटलं.

नवीन पट्ट्याचं माप पाहिजे म्हणून त्यानं जुना मागतला. बाबानंच कोठीमागून काढून दिला. तो दाराच्या उजेडात घेऊन गेला. जोड जिथं उकलला तिथं नखानं खरवडलं, सरस जिभेले लावून पाहिला, पट्टा उलटा करून आतल्या बाजूचा तुझा लाल बाण पाहिला, पुन्हा सुलटा केला. बराच वेळ लावला त्यानं. त्याले मराठी समजते पण बोलते हिंदीत.

"भाभी, जोड़ कच्चा नहीं था. लड़के ने बढ़िया बनाया था. पट्टा उलटा चढ़ा था."

त्यानं बाबाले समजावून सांगतलं. कपड्याचं एक टोक दुसऱ्या टोकावर चढवून चिकटवतात. वरचं टोक लोखंडावरून सरकून गेलं पाहिजे, मांजराच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखं. पट्टा उलटा बसला तर लोखंड त्या टोकाखाली घुसते. हलका इळा असला तर काही होत नाही. नांगराचा जड फाळ दाबून धरला तर टोक उचललं जाते, अन् मंग पट्टा फाटून चाबकासारखा उडते. सरस वाळून टणक झाला असते, तोच लागला डोळ्याले. बाण त्यासाठीच काढला होता, अन् टोक लोखंडानं खालून उचकटलं होतं, त्यावरून त्यानं ओळखलं.

बाबा ऐकत होते. मंग दुलीचंद म्हणाला, कोणी चढवला होता?

मी म्हणाली, आता ते कोणाले आठवते. अन् त्याले चहा दिला.

तर हे तुले कळावं म्हणून लिहिलं. जोड पक्का होता. तुझ्या हातात खोट नव्हती. पट्टा उलटा बसला होता, बसते कधीकधी, गडबडीत कोणाच्याही हातून बसते. आता मनात ठेवू नको. नवीन पट्टा मिस्त्री पुढच्या आठवड्यात देणार आहे.

उत्तर लिही.

आई

बालाघाट
९ फेब्रुवारी १९७८

भोजराज,

हे कार्डावर लिहिलं नाही. लिफाफा आणला. कार्ड पोस्टमन वाचते, तुमच्या कंपनीच्या दारावरचा माणूस वाचते, मामा वाचते. हे तू एकट्यानं वाच. वाचून झालं की पाहिजे त्याले दाखव, मी नाही म्हणत नाही. पण आधी एकट्यानं वाच.

काल चैतराममामा ट्रक घेऊन आला होता. या वेळी मी त्याले जेवाले वाढलंच नाही, आधी सांग म्हणाली, मंग ताट. तेव्हा बोलला. तू सिमेंटच्या गोण्या वाहून राह्यला म्हणते. हातापायाची कातडी गेली म्हणते. अन् कंपनीच्या वर्कशॉपमध्ये फिटरची जागा निघाली आहे. मामानं तुझं सांगतलं तर फोरमॅन तुले पाहाले आला, त्यानं तुले एक काम करून दाखवाले सांगतलं, अन् तू हात मागं घेतले. चार माणसांत म्हणाला, "मले मशीनजवळ उभं करू नका. मी उलटा पट्टा घातला अन् बापाचा डोळा घेतला."

उलटा पट्टा. हा शब्द तुले मीच पाठवला. आधी तू समजत होता की जोड कच्चा होता. मी अर्धं लिहिलं तर तू उरलेलं अर्धं आपल्या मनानं पुरं केलं. तू म्हणाला असशील, 'सकाळी पट्टा मीच चढवला होता, मंग उलटाही मीच चढवला असल.' मामा म्हणते, माझं कार्ड आलं त्या दिवसापासून तू त्याच्याशीही बोलत नाही. मी तुझं ओझं उतरवाले बसली होती अन् होतं त्याच्यावर अजून एक ठेवलं.

तर आता पूर्ण लिहिते.

त्या दिवशी सकाळी तू पट्टा बरोबर चढवला होता. मंग तू स्टेशनकडं कोळसा आणाले गेला. बाबा ऐरणीवर होते, त्यांची पाठ माझ्याकडं होती. मी इळे घासाले बसली. उजवा काठ पार झिजला होता, इळा नुसता घसरत होता. डावा काठ कोरा करकरीत. मी मोटर बंद केली, स्प्रिंग दाबली, पट्टा काढला, अन् डावा काठ उजवीकडं येईल असा फिरवून घातला.

भोजराज, मी सारा जन्म तेच करत आली. लुगडं मधात विरलं तर मी फेकत नाही. मधून फाडते, बाहेरचे चांगले काठ आत घेते, दांड घालते अन् अजून दोन वर्षं नेसते. चादरीचं तेच, पोत्याचं तेच. तुझ्या लहानपणी तुझ्या शर्टाची कॉलर उलटून शिवून देत होती, शाळेत कोणाले समजत नव्हतं. पट्टा फिरवून घातला तेव्हा मले उलट बरं वाटलं, एवढी साधी गोष्ट याले सुचली नाही म्हणून.

बाण मी पाहिला. लाल बाण. आधी भट्टीकडं तोंड होतं, आता दाराकडं झालं. पाहिला अन् वाटलं, असल काही खूण, जोड कुठं आहे त्याची. तू मले बाणाचं सांगतलं होतं. पट्टा पहिल्यांदा चिकटवला त्या दिवशी, मी भाकरी टाकत होती तेव्हा, तू दारात उभा राहून सारं सांगून राह्यला होता अन् मी हौ हौ म्हणत होती. मी ऐकलं नाही. तुझं बोलणं लांबते अन् मले दम नसते, तुले माहीत आहे. तवा जळत होता एवढंच आठवते.

दोन इळे घासले, काही झालं नाही. मंग तू कोळसा घेऊन आला, बाबानं फाळ घेतला, अन् पुढचं तुझ्या डोळ्यासमोरच झालं.

मले तेव्हाच समजलं का, असं तू विचारशील. पूर्ण नाही समजलं. पण पट्टा उडाला तेव्हा मी आधी बाबाकडं नाही, त्या पट्ट्याकडं पाहिलं. काहीतरी मी केलं एवढं मले तिथंच वाटलं. अन् दवाखान्याच्या ओसरीवर बाबा कळेच्या तडाख्यात तुले म्हणाले, "तुझं मशीन घे अन् कुठं टाकाचं तिथं टाक, मले तोंड नको दाखवू." तेव्हा मी तिथं होती. पदर तोंडाले लावून उभी होती. साऱ्यांले वाटलं मी रडून राह्यली. मी तोंड दाबून धरलं होतं, आतलं बाहेर येऊ नये म्हणून. तू माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. तू गेला.

मंग मी म्हणाली, दोन दिवसांनी सांगू. मंग म्हणाली, बाबा घरी आले की सांगू. मंग तू कार्डाचं उत्तर देत नव्हता तर मले तुझाच राग आला. मी तुले रागावून चार कार्डं लिहिली. लिहिताना मले वाटत होतं की मी खरी आहे. दुलीचंदनं विचारलं, कोणी चढवला, तेव्हा तोंडाशी आलं होतं. मी चहा केला.

काल मामा जेवून गेल्यावर बाबाले सांगतलं. ते दाराशी इळ्याले मूठ बसवत होते. मी उभ्या उभ्या सांगतलं, बसली असती तर सांगवलं नसतं. मी बोलत होती तोवर ते मुठीवर ठोकत राह्यले, ठोके चुकत होते, तरी ठोकत राह्यले. माझं बोलून झालं तेव्हा थांबले.

"त्याले लिहिलं?"

मी म्हणाली, नाही.

"मंग मले काहून सांगतं? डोळा माझा गेला, पोरगा तर आपला सारा जन्म घालवून बसला आहे. त्याले लिही."

मले शिव्या दिल्या असत्या तर मी उलट बोलली असती, मले ते जमते. ते एवढंच बोलले. मंग रात्री जेवले नाहीत अन् मलेही कोणी जेव म्हणालं नाही. आज सकाळी भट्टी पेटवली. घण हाती घेतला तर म्हणाले, आज घण ठेव, आज लिही. म्हणून सकाळपासून बसली आहे. तीनदा फाडलं.

दवाखान्यातलं ते बोलणं त्यांनी तुले बोलाले नको होतं, हे त्यांनी मले लिहाले सांगतलं. "मी चुकीच्या माणसाले बोललो" असं लिही म्हणाले. त्यांच्याच शब्दात लिहिलं.

मागच्या कार्डांत मी तुले घरी ये, घरी ये लिहित होती. ते मी माझ्यासाठी लिहित होती. तू घरी आला असता, माझ्या हातचं जेवला असता, तर मले न सांगताच सुटल्यासारखं झालं असतं. आता ये म्हणत नाही. इथं तुझ्यावाचून अडलं नाही. दुलीचंदनं नवीन पट्टा आणून दिला, बाण मोठा काढला आहे, मी चढवते अन् बाबा चढवलेला पाहतात. एका डोळ्यानं पाहतात, पण पाहतात. ऐरणीवर आता ते इळ्याले आधी चिमटा टेकवून अंतर घेतात अन् मंग हातोडी मारतात. दहातला एक चुकते.

तू तिथं फोरमॅनकडं जा. त्याले सांग, ते माझं चुकलेलं बोलणं होतं, मी काम करून दाखवतो. पट्टा माझ्या आईनं फिरवला होता हे सांगाचं असल तर सांग, माझं नाव मैनाबाई आहे, नावानिशी सांग. लाजाचं ते मी लाजते. मामा म्हणते, त्या जागेसाठी नाव बावीस तारखेपर्यंत घेतात. मंग जागा भरल अन् तू गोण्या वाहत म्हातारा होशील, तेही जे तू केलंच नाही त्यापायी.

तू माझ्यावर राग धर. बोलू नको, येऊ नको, कार्ड टाकू नको, ते सारं तुझ्या मर्जीचं. त्यात मी मागणं करत नाही. पण हात मागं घेऊ नको. त्या हातात काही खोट नाही, ते मी एकटीच पहिल्या दिवसापासून जाणून होती अन् मीच बोलली नाही.

मामाचा ट्रक वीस तारखेले, सोमवारी, इकडं येते. त्याच्या हाती चिठ्ठी दे. नाव दिलं की नाही दिलं, एवढंच लिही. वर मले आई लिहाचं की नाही ते तू ठरव, कोरी चिठ्ठी असली तरी मी वाचून घेईन. पण मामा रिकाम्या हातानं उतरला, तर मंगळवारच्या पहिल्या बसनं मी मलाजखंडले येते, फोरमॅनसमोर उभी राहते, अन् हे जे लिहिलं ते सारं त्या चार माणसांत मोठ्यानं सांगते. मले बोलताना लोक थांबवू शकत नाहीत हे तुले माहीत आहे.

सोमवारपर्यंत उत्तर पाहिजे.

मैनाबाई